तिघांना कबूल केलेली जागा

तात्यासाहेबांना नाही म्हणता येत नसे. लोक याला चांगुलपणा म्हणत. ऐंशीला टेकलेल्या माणसाबद्दल लोक वाईट बोलत नाहीत, म्हणून म्हणत. खरं सांगायचं तर तो आळस होता. नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरतं, ते बघत बसावं लागतं. मग कारण सांगा, तो पुन्हा येणार, पुन्हा सांगा. त्यापेक्षा ‘बघू’ म्हणून चहा मागवणं सोपं. आपल्याकडं मोठ्या माणसानं ‘बघू’ म्हटलं की ऐकणारा ‘झालं’ असं धरून घरी जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही.

स्वतःच्या वस्तूंपुरतं हे चाललं असतं. त्यांची शिडी एकदा उसनी गेली ती दोन घरं फिरून तिसऱ्याच्या गच्चीवर दिसली, तेव्हा ते म्हणाले, “कामाला येतीय ना? मग झालं.” पण चार एकर जमीन काही शिडी नव्हे, आणि ती त्यांची नव्हतीच. ती होती सारजाबाईची.

सारजाबाई म्हणजे त्यांची चुलती. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. एकोणीसशे त्र्याऐंशी साली ती भाचीच्या लग्नाला निघाली आणि शहरातल्या स्टँडवर सिल्लोडच्या गाडीऐवजी वेरूळच्या गाडीत बसली. पाटी वाचता येईना आणि विचारायची लाज. घृष्णेश्वराचं दर्शन घडलं, पण लग्न हुकलं. परत आली ती संतापूनच. सरळ वकील गाठला आणि हर्सूलच्या पुढं सिल्लोड रोडला तिच्या वाट्याला आलेली चार एकर ट्रस्ट करून देऊन टाकली: खेड्यातल्या मुलींना, जात न विचारता, राहून शिकता येईल असं घर बांधा. विश्वस्त तीन. पुतण्या म्हणून तात्यासाहेब, त्यांची थोरली बहीण चतुराबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, आणि शाळेचे रामकिसन गुरुजी. कागदात असं लिहिलं की जो विश्वस्त उतरेल त्यानं आपल्या जागी माणूस सुचवावा आणि उरलेल्या दोघांनी लेखी संमती द्यावी. अंगठा उठवताना ती वकिलाला म्हणाली, “ह्या तात्याला कुणी काही मागितलं तर?” वकील हसले. हसायला नको होतं.

वसतिगृह झालं, मुली आल्या, आणि दहा वर्षांनी कडुबा आला. कडुबाचं रान ट्रस्टच्या मागं. लहानपणापासूनचा मैतर, दोघांनी एकाच मास्तरांचा मार खाल्लेला.

“तात्या, पेरणीपुरती गाडी नेऊ का तुमच्या रानातून? नाल्याकडनं लई फेरा पडतोय.”

“ने की. इचारायचं काय त्यात.”

पेरणीची गाडी गेली. मग कापसाची गेली. मग ट्रॅक्टर आला. मग कुणी तरी खडी टाकली. कुणी, ते तात्यासाहेबांनी विचारलं नाही, उलट चिखल कमी झाला म्हणून त्यांना बरंच वाटलं. पुढं बावीस-तेवीस वर्षांनी ट्रस्टनं कुंपण घालायचं काढलं, तेव्हा कडुबाची मुलं तहसीलला गेली आणि तिथून कोर्टात. रस्ता वहिवाटीचा ठरला. बारा फूट रुंद, जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अकरा गुंठे गेले. वकील तात्यासाहेबांना म्हणाले, “तुम्ही नाही म्हणाला असता तरी जमीन वाचली असती. ‘परवानगीनं जातोय’ एवढं चिठोऱ्यावर लिहून घेतलं असतं तरी वाचली असती. तुम्ही दोन्ही केलं नाही. नुसतं ‘ने की’ म्हणालात.”

कडुबा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहाला आला. “पोरांचं काम हाय ते. मी नव्हतो त्यात.” तात्यासाहेबांनी ते मान्य केलं. मैत्री टिकली.

एवढं होऊनही आणखी आठ वर्षं ते विश्वस्त राहिले, कारण त्यांना काढायचं कुणी? शेवटी अक्कांनीच विषय काढला. अक्का त्र्याऐंशीच्या. त्यांना गोल बोलता येत नाही आणि शिकायचीही इच्छा नाही. “तात्या, तू आता उतर. कागदावर सही करताना तुझा हात कापतो. नको म्हणताना तर पहिल्यापासूनच कापतो. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला बैठक लावते. नाव घेऊन ये.”

आता हर्सूलच्या पुढचं ते रान पूर्वीचं राहिलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना लॉन्स, पेट्रोलपंप, बंगल्यांच्या स्कीमा. मधोमध ट्रस्टची जागा, तिच्यावर चाळीस मुलींची जुनी इमारत, चार लिंब आणि बाकी मोकळं. मागं उरणारे दोन्ही विश्वस्त, अक्का आणि गुरुजी, ऐंशीच्या पुढचे किंवा आसपासचे. येणारा तिसरा माणूस म्हणेल तसंच पुढं त्या जागेचं होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि तात्यासाहेबांनी ती एक खुर्ची तिघांना देऊन ठेवली होती.

पहिला त्यांचा मुलगा कृष्णा. शेंद्र्याला कंपनीत, राहायला मुकुंदवाडीत. दसऱ्याला सोनं द्यायला आला तेव्हा म्हणाला, “बाबा, तुमच्या जागी मीच ना?” हे म्हणाले, “तर दुसरं कोण.” कृष्णा वाईट नाही. पण वसतिगृहाचं फाटक त्यानं अकरा वर्षांत ओलांडलेलं नव्हतं.

दुसरा भाचा इंद्रजीत, खुद्द अक्कांचा मुलगा. प्लॉटिंगचा धंदा. तो नकाशाची गुंडाळी घेऊनच आला. खाली रोडला दुकानं, वर वसतिगृह. “मामा, मुलींना लिफ्ट देऊ आपण. सारजाआजीचं नाव सोनेरी अक्षरात.” हे म्हणाले, “बघू.” इंद्रजीतनं त्याच संध्याकाळी दोन दुकानदारांशी बोलणी सुरू केली.

तिसरा कडुबा. होय, तोच. चहा पिता पिता म्हणाला, “तुझ्या जागी मीच बसतो की. शेजारी हाय, नजर ऱ्हाईल.” आणि तात्यासाहेब बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले, “बस की.”

बैठकीला पंधरा दिवस उरले आणि त्यांचा हर्निया उठला. शहरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तिघंही भेटायला हजर. प्रत्येकाला आपापली आठवण करून द्यायची होती आणि एकालाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं. वॉर्डच्या दारात चाळिशीची एक सिस्टर उभी होती. तात्यासाहेबांची खाट दारालगतच, कानात मशीन, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

“सिस्टर, पाच मिनिटं. मामा आहेत माझे,” इंद्रजीत म्हणाला.

“चार वाजता या.”

“मी लांबून आलोय.”

“बाहेर बाकडं आहे.”

“वरच्या साहेबांना फोन लावू का?”

“लावा. त्यांनाही चारच सांगेन.”

कडुबानं डबा पुढं केला. “बाई, म्हातारा मानूस हाय. खिचडी गार व्हईल.”

“त्यांना आज काही खायचं नाही. तुम्ही खाऊन घ्या.”

आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. पाणी घ्या म्हणावं तसं ती नाही म्हणत होती. तात्यासाहेब डोळे मिटून वाट बघत राहिले, आता काही तरी होणार. काही झालं नाही. तिघं बाकड्यावर बसले. कडुबानं खिचडी खाल्ली. चार वाजता आत आले तेव्हा एकाच्याही मनात राग नव्हता. कडुबानं तर तिलाच विचारलं, बाई कोणत्या गावच्या. ऐंशी वर्षं ज्या गोष्टीला हे भ्याले ती दोन तासांच्या बाकड्याएवढीच होती तर.

संध्याकाळी ती सलाइन बघायला आली, तेव्हा त्यांनी विचारलं, “सिल्लोडकडच्या म्हणालात ना मघाशी?”

“हो. पण शिकले तुमच्याच वसतिगृहात. शहाण्णव ते दोन हजार एक. मी करुणा. पुंडलिक मिस्त्रींची मुलगी.”

तात्यासाहेब खूश झाले. “मंग मला वळखलं नाहीस?”

“पहिल्याच दिवशी. चार्टवर नाव आहे.”

“बोलली नाहीस.”

“ड्यूटी होती.”

त्यांना आता दोन चांगले शब्द ऐकायचे होते. माणसाला दवाखान्यात अशी भूक लागते. “चांगलं होतं ना वसतिगृह?”

“राहायला चांगलं होतं. न्हाणीघर रस्त्याच्या पलीकडं होतं.”

“कोणत्या रस्त्याच्या?”

“तुम्ही दिलेल्या.”

मग तिनं नळीचा वेग नीट करता करता सांगितलं. न्हाणीघर आणि संडास विहिरीजवळ, इमारत अलीकडं, मधून रस्ता. बादली आणि कपडे घेऊन मुली उभ्या राहायच्या, ट्रॅक्टर जाईपर्यंत, ट्रॅक्टरवरची माणसं मान वळवून बघायची थांबेपर्यंत. दिवस मावळला की कुणी पाणी प्यायचं नाही, म्हणजे पलीकडं जायला नको. “मी दहावीत होते. सदतीस मुलींच्या सह्यांचा अर्ज घेऊन तुमच्या घरी आले होते, रस्ता बंद करा म्हणून. तुम्ही तो वाचलात. ‘बघू, बाळ’ म्हणालात आणि हातावर पेढा ठेवलात.”

“मंग?”

“मग काय. पेढा खाल्ला.”

तात्यासाहेबांना तो अर्ज आठवेना. पेढाही आठवेना. आपण असंच केलं असणार, एवढं मात्र त्यांना लगेच पटलं. अकरा गुंठ्यांचा हिशेब त्यांनी मनाशी केव्हाच मिटवला होता. मैत्रीत गेले म्हणायचे. सदतीस मुलींचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, माझ्या जागी ट्रस्टवर येशील का.

“नाही,” ती म्हणाली. “माझ्या पाळ्या असतात. सासू अंथरुणाला आहे. आणि तुमच्या घरातले लोक मला बसू देतील असं मला वाटत नाही.”

त्यांना पुन्हा विचारावं लागलं. मागणाऱ्याच्या बाजूला उभं राहायची सवय नव्हती, नीट जमलं नाही, पण विचारलं. ती म्हणाली, “आधी जागा बघते. मग सांगते.”

रविवारी ती आली, पायात बूट आणि हातात लांब टेप. चारही हद्दी चालून बघितल्या. कुठं दगड आहे, कुठं नाही, ते वहीत लिहिलं. दीड तास लागला. तात्यासाहेब त्यांच्या नेहमीच्या जागी, गोठ्यापुढच्या बाजेवर, वाट बघत बसले होते. ती सगळ्यात शेवटी तिथं पोचली. दोन म्हशी, कडब्याची गंजी, पत्र्याचं छप्पर, बाज.

“हे कुणाचं?”

“माझंच.”

“जागा ट्रस्टची आहे.”

“व्हय. पर घराला लागून हाय. चौदा-पंधरा वर्सं झाली. कुणाला काय अडचन नाय.”

“कडुबांच्या रस्त्याचीही नव्हती.”

म्हैस रवंथ करत होती. हे तात्यासाहेबांना खरोखर कधी सुचलं नव्हतं. लबाडी करायला निदान आधी विचार करावा लागतो.

“मी येईन,” करुणा म्हणाली, “पण आधी तुम्ही लिहून द्या. गोठा परवानगीनं आहे, त्याच्यावर हक्क नाही, आणि अमुक तारखेला काढून घेईन.”

“माझ्यावर भरोसा नाय?”

“तुमच्यावर आहे. उद्या कृष्णावर, परवा नातवावर, तेरवा त्यांच्या वकिलावर कशाला ठेवू?”

“बघू.”

ती उभीच राहिली. पेन काढलेलं होतं. “तारीख सांगा.”

ते म्हणाले, “पाडवा.”

तिनं कागद पुढं केला. हात कापत होता, पण सही झाली.

वीस तारखेची बैठक वसतिगृहाच्या ओसरीवर भरली. अक्का, गुरुजी आणि तात्यासाहेब खुर्च्यांवर. समोर, कुणीही न बोलावता, कृष्णा, इंद्रजीत आणि कडुबा. करुणा शेवटी आली आणि भिंतीशी बसली. अक्कांनी वेळ घालवला नाही. “बोल, तात्या. नाव.”

“करुणा पुंडलिक मिस्त्रींची.”

आधी कृष्णा बोलला. “बाबा, तुम्ही मला शब्द दिला होता.”

“दिला होता.”

“मामा, मला दिलाय,” इंद्रजीत म्हणाला.

“मला बी दिल्ता की,” कडुबा म्हणाला, आणि तिघं एकमेकांकडं बघायला लागले.

“तीन गिऱ्हाईकं आन् एक खुर्ची,” अक्का म्हणाल्या. “तात्या, तू चिठ्ठ्या तरी टाकायच्या होत्यास.”

इंद्रजीत उठला. “घरातलं सोडून बाहेरची? आणि तीही…”

“वाक्य पुरं कर,” अक्का म्हणाल्या.

त्यानं केलं नाही. ओसरीवर सगळ्यांना ते ऐकू आलंच होतं. करुणानं मान खाली घातली नाही की वर केली नाही. वहीचं पान उलटलं.

“सारजाकाकूनं कागदात जात इचारू नका असं लिहिलंय,” अक्का मुलाला म्हणाल्या. “मुलींपुरतं लिहिलं, कारण बाकीच्यांना तेवढी अक्कल आसंल असं तिला वाटलं. आन् तुझं म्हणशील, तर तुझ्या नावाला माझी संमती मिळणारच नव्हती. मी तुला नऊ महिने आन् पन्नास वर्सं वळखते.”

“तात्या, हे बरं केलं नाहीस,” कडुबा म्हणाला. “मला आत्ता सांग. हे पक्कं हाय का बदलनार?”

सगळे तात्यासाहेबांकडं बघत होते. चहा मागवावा असं त्यांना फार वाटलं. समोर कृष्णाचं तोंड उतरलेलं, कडुबाचं उतरलेलं, इंद्रजीतचं लाल. नजर वळवायला दुसरीकडं जागा नव्हती.

“नाय बदलनार,” ते म्हणाले. “कृष्णा, तुला नाय. इंद्रजीत, तुला नाय. कडुबा, तुला बी नाय.”

गुरुजींनी प्रोसिडिंगची वही पुढं ओढली. “कारण लिहावं लागेल.”

“लिहा. तिला नाही म्हणता येतं, मला येत नव्हतं.”

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं, ‘सदर उमेदवार अनुभवी व सक्षम असल्याने.’ अक्कांनी सही केली, गुरुजींनी केली. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात गेला. तिथं तो जसा फिरायचा तसा फिरला आणि सात महिन्यांनी मंजूर झाला.

त्याआधीच पाडवा आला. तात्यासाहेबांनी सकाळी गडी लावून छप्पर उतरवलं आणि मगच गुढी उभारली. घरामागं जागा अरुंद. एक म्हैस विकावी लागली. बाज कुठंच बसेना, ती उभी करून भिंतीला टेकवली. आता ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. तिथं लिंबाची सावली येत नाही. कृष्णा दोन महिने बोलत नव्हता, मग मुलाच्या वाढदिवसाला बोलायला लागला. इंद्रजीत अजून नाही.

कोर्टाचा रस्ता काही बंद होणार नव्हता. करुणानं मंजुरीची वाट न बघता पहिल्याच बैठकीत न्हाणीघरं आणि संडास इमारतीच्या बाजूला घ्यायचा ठराव मांडला, आणि पावसाळ्यापूर्वी बांधकाम उभं राहिलं. तीस वर्षं हे कुणाला सुचलं नाही, यावर अक्का बरंच बोलल्या. त्यात स्वतःलाही सोडलं नाही.

कडुबा आठवडाभर रुसला आणि नवव्या दिवशी चहाला आला. त्या विषयावर दोघं बोलले नाहीत. पावसाळा सरला, दिवाळीही झाली. एक दिवस कडुबा बशी खाली ठेवून म्हणाला, “तात्या, पोरांना पाइप टाकायचा हाय. वितभर चर. रस्त्याच्या कडंनं, जरासा तुमच्या अंगानं. तू बोल की बाईला. तुझं ऐकंल ती.”

तात्यासाहेबांनी कप उचलला. सवयीचा शब्द तोंडापर्यंत आला होता. तो त्यांनी चहाबरोबर गिळला.

“अर्ज लिही.”

“मी? तुला?”

“मला नाय. मी तिथला कुणी नाय आता. तिला.”

“लिवला तर देईल?”

“नाय देनार.”

“मंग कशाला लिवू?”

“तेच म्हन्तो.”

कडुबाचं तोंड उतरलं. तात्यासाहेबांनी ते बघितलं. मधेच मान वळवली नाही, चहा मागवला नाही, हवापाण्याचं काढलं नाही. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, धूळ खाली बसली. कडुबानं उरलेला चहा संपवला आणि बशीकडं नापसंतीनं बघितलं.

“साखर कमी टाकली का आज?”

“नाय,” तात्यासाहेब म्हणाले.